लोखंडावर नाव नसते

एक लोखंडी वस्तू घेऊन बसा. तवा, कढई, विळी, उलथने, फोडणीची पळी, अडकित्ता, सांडशी, जुन्या दाराचा कोयंडा, काहीही चालेल. स्टेनलेस स्टील मात्र नको. ते स्वच्छ असते, टिकते, त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण वीस वर्षे वापरलेला स्टीलचा डाव आणि काल आणलेला डाव यांत फारसा फरक दिसत नाही, आणि आज आपल्याला नेमका तोच फरक बघायचा आहे.

वस्तू समोर जमिनीवर ठेवा. अजून हात लावू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. वस्तूची सावली कुठे पडली आहे तेवढे पाहा. पाहून झाले की पुन्हा एकदा पाहा, कारण पहिल्यांदा आपण तवा पाहिलेलाच नसतो, 'तवा आहे' एवढीच नोंद घेतलेली असते.

घरात लोखंड उरलेच नसेल तर चला माझ्याबरोबर, झाशीच्या सदर बाजारात. शनिवारी नको. शनिवारी लोखंड घरात आणायचे नाही हा दंडक आमच्याकडे अजून पाळला जातो, आणि तो मोडण्याइतकी घाई मला कधी झालेली नाही.

सदर बाजार हा छावणीचा बाजार. इंग्रजांनी जिथे जिथे लष्कर वसवले तिथे तिथे शिपायांच्या आणि साहेबांच्या गरजा भागवायला असा बाजार उभा राहिला. म्हणून आग्र्याला सदर बाजार आहे, मेरठलाही आहे. झाशीचे जुने शहर किल्ल्याच्या पायथ्याशी. छावणी त्याच्या बाहेर. आज इथे कपडे, चपला, चाट यांचीच गर्दी. तरी लोखंडी सामानाचे एखादे दुकान लागतेच. आत कुदळी, फावडी, साखळ्या, बिजागऱ्या. बाहेर एकात एक रचलेल्या काळ्या कढया. वजनावर भाव. "काए बाई, तौल दें?" दुकानदार विचारतो. कुठली घेऊ हे ठरायच्या आत कढई काट्यावर चढलेली असते.

तिथेच उभ्या उभ्या दोन कढया हातात घेऊन पाहा. एक यंत्राने पत्रा दाबून काढलेली. तिची जाडी सगळीकडे सारखी. दुसरी ठोकून केलेली. तिच्या आतून बोटे फिरवली तर हातोडीचे घाव लागतात, उथळ, एकमेकांना खेटून बसलेले. त्या घावांवरून बोटे सावकाश फिरवा. प्रत्येक खळगा म्हणजे कुणाचा तरी एकदा वर गेलेला आणि खाली आलेला हात. मोजू नका. मोजायला लागलात की हिशेब सुरू होतो आणि बघणे थांबते.

आता आपापल्या वस्तूकडे या. तिला हात लावा.

गार लागली ना? शेजारच्या लाकडी पोळपाटाला हात लावून पाहा. तो तेवढा गार लागणार नाही. दोन्ही एकाच खोलीत आहेत, दोन्हींचे तापमान एकच आहे. लोखंड गार नसते. ते तुमच्या हाताची ऊब लाकडापेक्षा कितीतरी भरभर ओढून घेते, आणि ती ओढ आपल्याला गारवा म्हणून कळते. हात तसाच राहू द्या. थोड्या वेळाने गारवा जाईल. लोखंड तुमच्या हाताइतके गरम झालेले असेल आणि तुमची थोडी ऊब त्याच्यात गेलेली असेल.

मग तळहाताचा वास घ्या.

लोखंडाचा वास लहानपणापासून सगळ्यांना माहीत असतो. झोपाळ्याच्या कड्या, शाळेचे फाटक, हापसा, नाणी. आता गंमत अशी की लोखंडाला असा वास नसतोच. 2006 साली रसायनशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले. घामामुळे लोखंडाचे सूक्ष्म अंश विरघळतात, ते कातडीवरच्या तेलकट द्रव्याशी भिडतात, आणि त्या तेलाचे विघटन होऊन वास सुटतो. म्हणजे इतकी वर्षे आपण ज्याला लोखंडाचा वास म्हणत आलो तो आपल्याच कातडीचा वास होता. लोखंडाने तो फक्त बाहेर काढला.

या गोष्टीपाशी जरा थांबा. मला तरी ही माहिती कळल्यावर विळीकडे पाहण्याची नजर बदलल्यासारखे वाटले.

विळीचे नाव निघालेच आहे तर तिच्याकडे वळू. झाशीच्या मराठी घरातली खरी मराठी वस्तू म्हणजे विळी. भाषा मिसळली, पोहे आणि जलेबी एका बशीत आली, मुले 'आई' म्हणता म्हणता 'मम्मी' म्हणायला लागली, पण विळी राहिली. शेजारीण हातात चाकू धरून भाजी चिरते, पाते भाजीकडे नेते. विळीवर बसलेली बाई पाते पायाखाली दाबून स्थिर ठेवते आणि भाजी पात्याकडे नेते. दोन्ही हात मोकळे राहतात, धार समोर उभी असते, तिच्याकडे लक्ष ठेवूनच बसावे लागते. गप्पा मारता मारता विळी वापरता येते, पण तंद्री लावून नाही.

ही विळी इथवर आली कशी? 1729 साली बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावला आणि त्याच्या बदल्यात मराठ्यांना इथला मुलूख मिळाला. 1742 मध्ये नारोशंकर सुभेदार होऊन झाशीत आला, त्याने वीरसिंहदेव बुंदेल्याने बांधलेला किल्ला वाढवला, शहर वसवले, दक्षिणेतून कुटुंबे आणली. पुढे नेवाळकर आले. 1842 साली मणिकर्णिका तांबे इथल्या गणेश मंदिरात गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न होऊन लक्ष्मीबाई झाली. नंतर रेल्वे आली, कारखाना आला, मुंबईत मुख्यालय असलेल्या जीआयपी रेल्वेच्या नोकऱ्यांबरोबर आणखी मराठी माणसे आली. इतिहासात नारोशंकराची नोंद आहे, तोफांची नोंद आहे. बैलगाडीत गोधड्यांत गुंडाळून कुणी विळी ठेवली असेल, पाते बाहेर येऊ नये म्हणून त्याला चिंधी बांधली असेल, त्याची नोंद कुठून असणार? ती चिंधी डोळ्यांसमोर आणा.

झाशीच्या विळीची एक खूण सांगते. तिचे पाते झिजलेले असते आणि टोकाच्या खवणीचे दात शाबूत असतात. कोकणात उलटेही दिसेल. इथे नारळ येतो तो देवापुढे फोडायला, रोज खवायला नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पुरेसा नारळ न मिळालेली ती खवणी पाहिली की वाटते, घराण्याची हकिगत वंशावळीपेक्षा इथे जास्त खरी लिहिलेली आहे.

डोळे मिटा. आता थोडा अवघड भाग आहे.

एप्रिल 1858. इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज तट ओलांडून शहरात शिरली आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते; दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला आलेला हा गरीब भिक्षुक या सगळ्यात सापडला. घरी परतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी जे लिहिले ते 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापले गेले. झाशीची लूट त्यांनी पाहिली आणि ती कशी टप्प्याटप्प्याने झाली तेही सांगितले. आधी सोने-चांदी, मग तांब्यापितळेची भांडी, मग उरलेली चीजवस्तू. लुटीलाही क्रम असतो. वस्तूंची किंमत कशी लावायची हे लुटारूला फार स्पष्ट कळते.

आता एक घर कल्पा. कुणाचेही. लपून बसलेली बाई काही दिवसांनी परत आली आहे. फडताळ मोकळे, हंडा गेला, घंगाळ गेले, देवघरातली समई गेली. चुलीतली राख थंड. तिथे राखेत अर्धवट बुडालेला तवा पडला आहे. त्याच्यासाठी कोण खाली वाकले असेल? मी असे धरून चालते की तो तिथेच होता. त्याच्यावर पहिली भाकरी कोणत्या पिठाची झाली, पीठ कुणी दिले, ती किती जणांत वाटली गेली, हे प्रश्न मनात येऊ द्या. उत्तरे शोधू नका. फक्त तिचा हात त्या तव्याकडे जाताना पाहा.

डोळे उघडा.

तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घातलेली असतात. चि. सौ. अमुक हिस आत्याकडून. कै. तमुक यांच्या स्मरणार्थ. साल, तिथी, कधी गावसुद्धा. रुखवतात पितळ मांडतात, लेकीला देताना मोजून देतात, भाऊ वेगळे झाले की त्यावरून भांडतात. लोखंडावर नाव कोणी घालत नाही. वाटणीत तवा कुणाच्या वाट्याला गेला हे कुणी लिहून ठेवल्याचे मी ऐकलेले नाही. तो जिच्या हातात असतो तिचा असतो, आणि ती गेली की पुढच्या हातात जातो, इतके सरळ.

पण नाव घातलेले नसले तरी खूण उमटलेली असते. उलथने असेल तर त्याची पुढची कड पाहा. नवे असताना ती सरळ होती. आता एका कोपऱ्यात तिरकी झिजलेली दिसेल. उजव्या हाताने वापरणारी बाई एका बाजूने झिजवते, डावखुरी दुसऱ्या. वर्षानुवर्षे त्याच तव्यावर त्याच कोनात ते फिरले, दर वेळी कणभर लोखंड गेले. कुठे गेले? पोळीबरोबर पोटात. थालीपिठाच्या खालच्या खरपूस भागात. घरातल्या माणसांनी ती कड खाल्ली आहे, थोडी थोडी करून, न कळता.

अडकित्ता असेल तर दांड्यांच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवा. तिथे गुळगुळीत जागा सापडेल. तुमचा अंगठा तिच्यात बरोबर बसतो की थोडा पुढे-मागे राहतो? कोयंडा असेल तर कडी ज्या जागी आपटत आली तिथे खळगा असेल. सांडशी असेल तर मधला खिळा ढिला झालेला असेल आणि तोंड एका अंगाला कललेले. अशी सांडशी नवख्या माणसाच्या हातून पातेले पाडते आणि घरातल्या बाईच्या हातून कधीच पाडत नाही. ज्या वस्तूत असे काहीच दिसत नाही ती बहुधा नवी आहे, किंवा कुणी वापरलीच नाही. तसे असले तरी हरकत नाही. बसा.

हे सारे कोणी घडवले, त्याच्याकडेही बघायला हवे.

बुंदेलखंडात रस्त्याच्या कडेला पालांपाशी लोहपीटा दिसतात. गाडिया लोहार असेही म्हणतात. महाराष्ट्रात हेच काम घिसाडी करतात. 1568 साली अकबराने चितोड घेतल्यावर, गड परत मिळेपर्यंत घर करून राहायचे नाही अशी शपथ घेतली, असे गाडिया लोहार सांगत आले आहेत. 1955 साली पंतप्रधान नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. तरी कितीतरी पाले अजून रस्त्यावरच आहेत. समारंभ आणि घर यांत अंतर असते.

त्या पालासमोर, जरा लांब, उभे आहोत असे समजा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा. पूर्वी कातड्याचा भाता असायचा, आता हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीने लोखंड धरून बसतो आणि घण मारते ती बाई. उभी राहून, दोन्ही हातांनी, डोक्यावरून. कुठे मारायचे ते तो छोट्या हातोडीने टकटक करून दाखवतो, तिचा घण तिथेच पडतो. बोलणे जवळजवळ नसतेच. टक, धाड. टक, धाड. तुमचा श्वास या तालावर आपोआप येईल, येऊ द्या.

भट्टीत काय आहे? ट्रकच्या कमानीचा पाटा. नवे लोखंड इथे क्वचितच येते. तुटलेला पाटा येतो, झिजलेली कुदळ येते, आणि त्यातून विळा, खुरपे, कोयता निघतो. पाट्याचा विळा म्हटले की शेतकरी दोन पैसे जास्त देतो, कारण कमानीचे पोलाद धार धरते. मराठी गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांतला एक. फाळ शेवटून देणे, पास पाजवून देणे, गाडीच्या चाकाला धाव चढवणे, आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते उचलणे. तिथेही कुदळ झिजली की टाकत नसत. तिचे खुरपे होई, खुरप्याची कधी आर होई, शेवटी खिळा.

आता रंगाकडे पाहा. लोखंड आधी काळपट लाल होते, मग लालभडक, मग नारिंगी, मग पिवळे. लोहाराकडे तापमापक नसतो, त्याला रंग कळतो, म्हणून तो भट्टी सावलीत मांडतो. विळा घडला की तो लाल करून पाण्यात बुडवतात. त्याने पाते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवायचे. घासून उजळलेल्या पोलादावर आधी गवताचा पिवळा रंग चढतो, साधारण 230 अंशांना. मग जांभळा. तीनशेच्या आसपास निळा. कुठल्या रंगाला थांबायचे यावर विळा तुटणार की वाकणार हे ठरते. पाणी देणे म्हणतात ते हे. सगळा खेळ काही क्षणांचा, आणि त्या क्षणांत तो माणूस कुणाकडेही बघत नाही. एकाग्रता शिकवणाऱ्या वर्गांना लोक पैसे भरून जातात. त्यांनी एक सकाळ इथे उभे राहावे. मात्र फोटो काढू नयेत.

थोडे मागे जाऊ, फार वेळ नको. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नैकुंड नावाचे गाव आहे. 1978 ते 1980 च्या उत्खननात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना तिथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवीसनापूर्वी सातशेच्या सुमाराची. मातीची भट्टी, हवा फुंकण्याच्या नळ्या, उरलेली लोहकीट. जवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले मिळाले आणि त्यांच्या लगामाच्या लोखंडी कड्या. कुऱ्हाडी, छन्न्या तर पुष्कळ. सत्तावीसशे वर्षांपूर्वी विदर्भात कुणीतरी लाल झालेल्या लोखंडाकडे असेच डोळे बारीक करून पाहत होते.

आणि त्याच्याही मागे जायचे तर पृथ्वीवरचे सगळे लोखंड ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झालेले. हे वाक्य वाचून लोक भारावतात. मला मात्र भारावायला त्याहून जवळचे लोखंड पुरते.

मनगटावर दोन बोटे ठेवा. नाडी सापडेपर्यंत थांबा.

मोठ्या माणसाच्या अंगात तीन-चार ग्रॅम लोखंड असते. एक लहानसा खिळा. त्यातले दोनतृतीयांश रक्ताच्या लाल पेशींत, प्राणवायू वाहून नेण्याच्या कामावर. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. ती मेली की तिच्यातले लोखंड शरीर फेकत नाही, काढून घेते आणि नव्या पेशीत घालते. रोज सुमारे वीस मिलिग्रॅमची अशी उलाढाल चालते. अन्नातून नवे येते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. आतही रस्त्याकडेच्या त्या पालासारखेच चालले आहे, भंगारातून नवे. तुमच्या बोटांखाली जे ठोके लागत आहेत त्यात कदाचित लहानपणी आजीच्या कढईतून आलेला एखादा कण अजून फिरत असेल. खात्री देता येणार नाही. अशक्यही नाही.

बोटे काढून घ्या. पुन्हा वस्तू.

तिच्यावर कुठे तांबूस दिसते आहे? गंज शोधा. असेल तर बोटाने पुसा आणि बोट पाहा. बहुतेक लोक गंज दिसला की लाजतात, घाईने घासायला घेतात. आज नको. गंज म्हणजे लोखंड आपल्या मूळ रूपाकडे निघाले आहे. खाणीत ते असेच प्राणवायूशी बांधलेले होते. भट्टीने ते सोडवले, हवा आणि पाणी त्याला परत बोलावतात. सोने ज्या रूपात असते त्याच रूपात राहते. लोखंडाला घरात ठेवायचे तर रोज थोडे काहीतरी करावे लागते. दिल्लीच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे, त्यातल्या जास्त फॉस्फरसमुळे त्यावर पातळ थर धरला आणि तो वाचला, हे खरे. पण आपल्या तव्याला तशी सोय नाही. त्याचा थर आपणच द्यायचा.

तो कसा येतो हे सगळ्या आयांना ठाऊक असते. तवा धुऊन लगेच विस्तवावर कोरडा करायचा, तेलाचा बोळा फिरवायचा, धूर येईपर्यंत तापू द्यायचा. तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि काळा, चिवट, चकचकीत थर धरतो. जवसाच्या तेलाने लवकर धरतो. बुंदेलखंडात जवस पिकते, इथल्या बोलीत अलसी. ताक, चिंच, कोकम या थराचे वैरी. म्हणून कढी लोखंडात करायची नाही, केली तर काळी पडते आणि थरही खाते. एका दिवसात थर येत नाही. डोसा सुटायला लागतो तोवर कित्येक महिने गेलेले असतात आणि कित्येक डोसे चिकटलेले. नॉनस्टिक तवा पहिल्या दिवशी सर्वांत चांगला असतो, मग उतरणीला लागतो. लोखंडी तव्याची चढण उलटी. म्हणून सुनेला सासूचा तवा हवा असतो, सासू नको असली तरी.

तव्याच्या मधोमध, जिथे थर सर्वांत दाट आहे, तिथे बोट ठेवा. ते लोखंड नाही. ती अनेक सकाळींची जळलेली तेलाची पुटे आहेत, एकावर एक, कुठली कुणाची ते वेगळे करता येत नाही. आजीचे सर्वांत खाली. तिच्यावर आई. बोट तिथेच राहू द्या, जितका वेळ राहावेसे वाटेल तितका.

असा तवा आपल्याकडेच असतो असेही नाही. झाशी 1854 साली खालसा करणारा गव्हर्नर-जनरल डलहौसी स्कॉटलंडचा, एडिंबरोजवळच्या डलहौसी गढीत जन्मलेला. त्याच्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरीही असाच गोल, सपाट तवा असे. वर मोठी अर्धगोल कडी, जाळावर टांगण्यासाठी. त्याला गर्डल म्हणत, त्यावर ओटच्या पिठाच्या भाकऱ्या भाजत. फाइफ परगण्यातल्या कुरॉस गावच्या लोहारांना हे तवे घडवण्याचा मक्ताच सहाव्या जेम्स राजाने 1599 साली दिला होता. लक्ष्मीबाईचा दत्तक मुलगा नामंजूर करणारा दरबार एकीकडे आणि चुलीवरचे जग दुसरीकडे; त्या दुसऱ्या जगात झाशीची बाई आणि तिकडची बाई यांना एकमेकींचे उलथने हातात देऊन काम करता आले असते.

तिकडे इझाबेल ग्रँट नावाच्या बाईने 1935 साली आयोना बेटावर अशा वस्तूंचे संग्रहालय उघडले. इंधनासाठी पीटची माती कापायच्या कुदळी, माशाच्या तेलावर जळणारे लोखंडी दिवे, चुलीच्या साखळ्या. लोक टाकून देत होते आणि ती गोळा करत होती. आपल्याकडे पुण्यात दिनकर गंगाधर केळकर 1920 च्या सुमारास हेच करू लागले होते. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने त्यांनी संग्रहालय केले. वीस हजारांहून जास्त वस्तू, गावोगाव फिरून जमवलेल्या, पुढे सरकारच्या स्वाधीन केलेल्या. तिथले अडकित्ते एकदा तरी पाहावेत असे आहेत. पण तिथेही डोळा आधी नक्षीकडे जातो. आणि झाशीच्या सरकारी संग्रहालयात गेलात तर तलवारींपुढे गर्दी. तलवार ज्या धातूची त्याच धातूची विळी, आणि माझ्या मते विळीने या शहरासाठी जास्त काम केले आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो. विळी, सुरी, अडकित्ता धुऊन पाटावर मांडतो, हळद-कुंकू वाहतो, अलीकडे शेजारी लॅपटॉपही असतो. बाळाच्या पाचवीला विळा पूजेला लागतोच. इतका मान देऊन दुसऱ्या दिवशी विसरतो, आणि घर बदलताना 'हे काय न्यायचे' म्हणून भंगारवाल्याच्या काट्यावर घालतो. नव्या ओट्यापाशी उभे राहून काम होते, खाली बसवत नाही, हे मान्य. वापरत नसाल तर वापरा असा आग्रह मी धरणार नाही.

एक विनंती मात्र आहे, विशेषतः झाशी, सागर, ग्वाल्हेर, इंदूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांना. लोखंडावर नाव टिकत नसले तरी विळीचा पाट लाकडाचा असतो. आजच्या आज तो उलटा करा. विळी कुणाची होती हे सांगणारे कुणी घरात अजून असेल तर त्यांना विचारा, आणि पाटाच्या खालच्या बाजूला ऑइलपेंटने त्या बाईचे नाव लिहा. सासरचे लिहा, माहेरचेही लिहा, आणि ती कुठल्या गावाहून आली तेही.